गच्चीवरची बाग : साल्व्हिया मार्चमध्ये उपटू नका



दिवाळी झाली की आपल्या हैदराबादेत रस्त्याकडेच्या प्रत्येक नर्सरीत निळ्या आणि लाल तुऱ्यांची रोपं काळ्या पिशव्यांतून रांगेने मांडलेली दिसतात. आपण गाडी थांबवतो, चार-सहा रोपं उचलतो. नुमाइश संपेपर्यंत ती मस्त फुलतात. मार्च उजाडला की तुरे वाळतात, पानं मरगळतात आणि होळीच्या सुमारास रोप कचऱ्यात जातं. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तीच खरेदी. नर्सरीवाला खूश, आपणही खूश. फक्त त्या झाडाला कोणी विचारत नाही, की बाबा, तुझं आयुष्य खरंच चार महिन्यांचं आहे का?

तर नाही. नर्सरीत ज्याला 'हंगामी' म्हणून विकतात तो साल्व्हिया बहुतेक वेळा बहुवर्षायू असतो. थंडीच्या देशांत तो बर्फात मरतो म्हणून तिथे त्याला एका वर्षाचं झाड धरतात, आणि तीच सवय आपण उचलली. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे मे महिना आहे आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस आहे. या दोन घाट्या पार करून दिल्या, तर तेच रोप दोन-तीन वर्षं सहज फुलतं. कसं, ते या वेळी बघू.

आधी ओळख करून घेऊ

साल्व्हिया हे एका झाडाचं नाव नाही, मोठं खानदान आहे. सुमारे एक हजार जाती. कुळ मात्र घरचंच, आपल्या तुळशीचं. खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात, फुलाला दोन ओठ असतात. तुळस, पुदिना, सब्जा, मरवा, सगळी याच कुळातली भावंडं. पिझ्झावर घालायची रोझमेरीसुद्धा 2017 पासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी साल्व्हियातच जमा केली आहे. आणि हल्ली ज्याला त्याला खावंसं वाटतं ते चिया म्हणजेही साल्व्हियाचंच बी. फालुद्यातला सब्जा मात्र वेगळा, तो तुळशीचा सख्खा भाऊ. दुकानात दोन्ही एकमेकांच्या नावाने खपतात, तेवढं लक्षात ठेवा.

साल्व्हिया हे नाव लॅटिन, त्याच्या मुळाशी 'बरं करणं, वाचवणं' हा अर्थ आहे. युरोपात सेज नावाचा साल्व्हिया पूर्वी औषधाला वापरत, त्यावरून ते नाव पडलं.

आता आपल्या कामाच्या जाती.

निळा साल्व्हिया (फॅरिनेशिया): मूळचा टेक्सास आणि मेक्सिकोकडचा, म्हणजे उन्हाला सरावलेला. दीड-दोन फूट उंची. याच्या देठांवर आणि कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. 'फॅरिना' म्हणजे पीठच. ती भुरी नाही, रोग समजून फवारे मारत बसू नका. पहिल्यांदा लावणार असाल तर हाच घ्या.

तांबडा रानटी साल्व्हिया (कॉक्सिनिया): सडपातळ झाड, शेंदरी-लाल विरळ फुलं. स्वतःचं बी स्वतःच पाडतो, शेजारच्या कुंडीत आपोआप उगवतो. सगळ्यांत चिवट.

बुटका भडक लाल (स्प्लेंडेन्स): सरकारी बागांच्या वाफ्यांत दिसतो तो. मूळ ब्राझीलचा. हाही बहुवर्षायू, पण कडक ऊन सोसत नाही. उन्हाळाभर सावली देता आली तरच ठेवा.

मखमली जांभळा (ल्यूकँथा): मेक्सिकोचा. कमरेएवढा वाढतो, तुऱ्यांना हात लावला तर मखमल वाटते. दिवस लहान झाले की मगच कळ्या धरतो. त्यामुळे रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली किंवा रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात ठेवला, तर फुलायला टाळाटाळ करतो. त्याला अंधाराचा कोपरा द्या.

गर्द निळा मोठ्या फुलांचा (ग्वारानिटिका): दक्षिण अमेरिकेतला. याला दुपारची सावली आवडते. बेळगावच्या हवेत हा आणि मखमली, दोन्ही हैदराबादपेक्षा सुखाने राहतात.

परदेशी व्हिडिओंमध्ये 'पेरेनियल साल्व्हिया' म्हणून जो जांभळ्या काठ्यांचा ताटवा दाखवतात, तो बहुधा नेमोरोसा असतो. त्याला कडक हिवाळ्याची झोप लागते. न्यू जर्सीतल्या मावशीकडे तो छान होईल. तिचा फोटो बघून ऑनलाइन बी मागवू नका.

चोवीस कुंड्या आणि दोन बादल्या

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण साल्व्हिया ठेवावा की नाही हा प्रश्न आमच्याकडे एकदा खरोखर मतदानापर्यंत गेला होता.

काचीगुड्याचं आमचं जुनं घर सुटलं तेव्हा आईचं अंगण गेलं. फ्लॅटमध्ये आल्यावर गच्चीवर चोवीस कुंड्या मांडल्या, तेच तिचं अंगण. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सोसायटीची बोअर आटली, टँकर सुरू झाले आणि कमिटीने गच्चीवरचा नळ बंद केला. ज्याला झाडं ठेवायची असतील त्याने आपल्या घरातलं पाणी वर न्यावं. निर्णयात चूक काहीच नव्हतं. पिण्याच्या पाण्याची मारामार असताना फुलांना नळ सोडणं शोभत नाही.

मी ऑफिसहून आल्यावर रोज दोन बादल्या वर नेऊ शकत होतो. म्हणजे वीस लिटर. बारा इंची कुंडीला एप्रिल-मे महिन्यात रोज लिटर-दीड लिटर तरी लागतं. हिशोब सरळ होता. चोवीसपैकी चौदा-पंधराच कुंड्या जगणार होत्या. कोणत्या?

आईचा निकष स्पष्ट होता. "देवाला चालतं किंवा स्वयंपाकाला लागतं, ते ठेवायचं." तुळस, जास्वंद, तगर, मोगरा, कढीपत्ता, मिरची, वांगी, टोमॅटो पास. साल्व्हियाच्या सहा कुंड्या नापास. वास नाही, देवाला वाहायची रीत नाही, भाजीतही पडत नाही. तिचं बरोबरच होतं. हाताने पाणी वाहून न्यायचं तर प्रत्येक कुंडीने आपलं उत्तर द्यायलाच हवं.

मी फक्त एवढंच म्हटलं, की आठवडाभर सकाळी सात ते साडेसात गच्चीवर बसून बघू, कोणत्या फुलावर कोण येतं. चहाचे कप घेऊन आम्ही दोघं बसायचो. माझ्या फोनमध्ये साधा तक्ता होता, आईकडे नजर.

तिसऱ्या दिवशी तिनेच मला दाखवलं. पोटावर निळे-पांढरे पट्टे असलेली, गुबगुबीत, सतत थरथरणारी एक माशी. साल्व्हियाच्या एका तुऱ्यावरून दुसऱ्यावर, मग थेट वांग्यावर. वांग्याच्या फुलाला लटकली आणि बारीक 'झीं' आवाज झाला. परत साल्व्हियावर.

ही निळ्या पट्ट्यांची माशी, शास्त्रीय नाव अमेजिला. वांग्याचं फूल विचित्र असतं. त्यात मध नसतो, फक्त पराग, आणि तोही बंद नळकांड्यात, ज्याला टोकाशी बारीक भोक. मिठाची डबी हलवावी तसं ते हलवल्याशिवाय पराग नीट बाहेर पडत नाही. पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. या निळ्या माशीला जमतं, कारण ती फूल धरून आपले उडण्याचे स्नायू मोबाईल व्हायब्रेट व्हावा तसे थरथरवते. टोमॅटोचंही तेच. पण नुसत्या परागावर तिचं भागत नाही. उडायला मध लागतो. तो साल्व्हियात असतो, खोल नळीत, आणि हिची जीभ लांब आहे.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जेवायला इथे आणि कामाला तिथे."

सहापैकी चार कुंड्या राहिल्या. सगळं श्रेय साल्व्हियाला देणार नाही. वांग्याची फुलगळ उष्णतेनेही होते आणि पाण्याच्या ताणानेही. वारा फुलं हलवतो, त्यानेही फळ धरतं. पण वांग्याला मदतनीस हवा असेल, तर त्याच्या जेवणाची सोय जवळपास असलेली बरी, हे आमच्याकडे मान्य झालं. सोसायटीत कोणी "मधमाश्या येतील, चावतील" म्हणून घाबरलं तर सांगा, की ही माशी पोळं करत नाही. मातीत एकेकटी घर करते आणि छेडल्याशिवाय कुणाच्या वाटेला जात नाही.

लाल फुलांवर शिंजीरही येतो. घरात लहान मुलं असतील तर तेवढ्यासाठी एक तांबडी कुंडी ठेवाच.

मुलांना दाखवण्यासारखी आणखी एक गंमत. साल्व्हियाच्या अनेक जातींत फुलाच्या तोंडाशी एक तरफ असते, अगदी सी-सॉसारखी. माशी मधासाठी डोकं आत घालते, तरफेचं एक टोक ढकललं जातं आणि दुसऱ्या टोकावरचे परागकोश खाली येऊन तिच्या पाठीवर पराग टेकवतात. जर्मनीच्या क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी 1793 सालच्या आपल्या पुस्तकात याचं वर्णन केलं आहे. मोठं फूल मिळालं तर गवताची बारीक काडी हळूच आत सरकवून बघा.

कुंडी आणि माती

साल्व्हियाला भूक कमी, पण पाय ओले राहिलेले अजिबात खपत नाहीत. दहा ते बारा इंचांची कुंडी घ्या, खाली भोकं मोकळी हवीत. माझं मिश्रण असं: दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. इंदूर-वडोदऱ्याकडे काळी माती मिळते. ती असेल तर वाळू दुप्पट करा, नाहीतर पावसात चिखल आणि उन्हात वीट होते.

नर्सरीतल्या रोपाची मुळं बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटच्या गोळ्यात असतात. तो गोळा एकदा वाळला की वरून घातलेलं पाणी बाजूने निसटून जातं आणि आत मुळं कोरडीच राहतात. म्हणून लावण्याआधी गोळा दहा मिनिटं पाण्यात बुडवा, बोटांनी हलका मोकळा करा, मग लावा.

वर्षभराचं वेळापत्रक

फेब्रुवारीअखेर: हिवाळ्याचा बहर संपत येतो. वाळलेले तुरे काढा आणि झाड वरून एक तृतीयांश कमी करा. मखमली साल्व्हियाला बुंध्यातून नवे कोंब फुटू लागले असतील तर जुन्या काठ्या तळाशी कापा.

मार्च ते मे: या दिवसांत फुलांची अपेक्षा ठेवू नका, झाड जगवणं हेच काम. सकाळचं ऊन पुरे. दुपारी बारानंतर सावली हवी, नाहीतर अर्ध्या सावलीची हिरवी नेट बांधा. कुंडीवर दोन बोटं जाडीचा वाळला पाला पसरा. कुंड्या एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे बाजूचं प्लास्टिक तापत नाही. खत बंद. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे, आणि बोट मातीत घालून बघितल्यावरच.

पाण्याबद्दल एक युक्ती. बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो त्याचाच, आणि त्यामुळे पानं पिवळी पडतात. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं त्यात क्षार जवळजवळ नसतात. आमच्याकडे नळीखाली डबा ठेवलेला असतो. रात्रभरात जमेल ते बोअरच्या पाण्यात मिसळून घालतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालतं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र थेट घालू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

जून ते ऑगस्ट: आता संकट उलटं. उन्हाने जेवढे साल्व्हिया मरत नाहीत तेवढे पावसात मुळं कुजून मरतात. कुंड्या विटांवर उचला, खालच्या ताटल्या काढून टाका. झड लागली तर भिंतीच्या आडोशाला सरकवा. दाट झालेल्या आतल्या फांद्या काढून हवा खेळू द्या. गोव्यातल्या मंडळींनी या तीन महिन्यांत निळा साल्व्हिया सरळ छपराखाली घ्यावा, आणि उघड्यावर ठेवायचाच असेल तर तांबडा निवडावा.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर: वर्षातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम, मोठी छाटणी. उघडीप बघून झाड निम्म्यावर आणा. प्रत्येक फांदीवर हिरव्या पानांच्या दोन-तीन जोड्या राहिल्या पाहिजेत. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलं तर फुटवा येईलच असं नाही. छाटल्यावर मूठभर गांडूळखत द्या. साधारण पाच-सहा आठवड्यांत नवे तुरे येतात.

इथे घरोघरी अडतं, कारण फुलत्या झाडाला कात्री लावायला हात धजत नाही. आईचंही तेच होतं. आम्ही तोडगा काढला. निम्म्या कुंड्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात छाटतो, उरलेल्या सप्टेंबरच्या मध्यावर. गच्ची कधी पूर्ण बोडकी दिसत नाही, आणि माश्यांचंही जेवण बंद पडत नाही. कापलेले निळे तुरे फेकायचे नाहीत. उलटे टांगून सावलीत वाळवले तर रंग बराच टिकतो. आमच्या देवघराच्या कोनाड्यात तांब्याच्या गडूत ते वर्षभर असतात. देवाला वाहिलेले नाहीत, पण देवाजवळ आहेत.

पहिल्या तुकडीचा बहर नवरात्राच्या सुमाराला येतो. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या आंटींनी बतुकम्मा रचताना गुनुगूची फुलं निळ्या रंगात बुडवायच्या ऐवजी आमचे तुरे नेले. तंगेडूच्या, म्हणजे आपल्या तरवडाच्या, पिवळ्या थरावर तो निळा थर सुरेख दिसत होता. आई त्या संध्याकाळी खाली जाऊन दोन फेऱ्या धरून आली.

ऑक्टोबर ते जानेवारी: भरपूर ऊन द्या, किमान पाच-सहा तास. महिन्यातून एकदा पातळ शेणखताचं पाणी पुरे. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं. वाळलेला तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडत राहा. बी धरू दिलं तर झाडाला वाटतं, आपलं काम झालं. ग्वाल्हेरला कडाक्याच्या थंडीत वाढ थांबली तर घाबरू नका, पाणी कमी करा. फेब्रुवारीत झाड पुन्हा जोर धरतं.

दुखणी

उन्हाळ्यात पानं वरून करड्या ठिपक्यांची झाली आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा जोरात मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. पांढरी माशी आणि मावा यांना लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारा. फवारणी सूर्य मावळल्यावर करायची आणि उघड्या फुलांवर करायची नाही. ज्या पाहुण्यांसाठी ताट वाढलं, त्यांच्याच ताटात औषध घालायचं नसतं.

माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर ते पाणी मागत नाही, बुडतंय. पाणी बंद करा आणि ताबडतोब त्याच्या निरोगी फांदीची कलमं करून ठेवा.

कलमं आणि वाण

बहुवर्षायू म्हणजे अमर नव्हे. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडी होतो, फुलं कमी येतात. ते झाड वाचवायचा हट्ट धरू नका, त्याची पिढी पुढे न्या. ऑक्टोबरात फूल नसलेल्या कोवळ्या फांदीचे बोटभर लांबीचे तुकडे घ्या, दोन-तीन पेरं असलेले. खालची पानं काढा, वरची एक-दोन जोड्या ठेवा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, त्यात एक पेर मातीखाली. सावलीत ठेवून ओल टिकवा. मुळं फुटायचं औषध लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत हलकं ओढून बघा. धरून ठेवलं तर मुळं आली. मग छोट्या पिशवीत हलवा. जानेवारीच्या मध्यापर्यंत बऱ्याच रोपांना पहिला तुरा दिसू लागतो.

जानेवारीच्या मध्याला काय असतं ते सांगायला नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे आणि कंगवे लुटून झाले. गेल्या वर्षी आईने एकवीस रोपं वाण म्हणून दिली, प्रत्येक पिशवीला 'मार्चमध्ये टाकू नये' अशी चिठ्ठी बांधून. त्यातली किती जगली याची तिने फोनवरून चौकशी केली आहे. मेमध्ये आठ गेली, पावसात दोन. अकरा आजही उभी आहेत, कूकटपल्लीपासून मलकपेटपर्यंत. जी गेली, त्यांच्या बदल्यात यंदा नवी तयार करणार आहोत.

तेव्हा गणपतीच्या गडबडीत एक सकाळ काढा, कात्री धुऊन-पुसून घ्या आणि निम्म्या कुंड्या छाटून टाका. पुढच्या अंकात कढीपत्ता: पानं पिवळी का पडतात आणि ताकाचं पाणी घालायचं खूळ कितपत खरं, त्यावर बोलू.